शिडावरचं ठिगळ

काटेल : तिथं एक माणूस काढा, साहेब, एवढंच मागणं आहे. मोठा नको. बोटाएवढा काढलात तरी चालेल.

गास्पार : बाई, आधी आत तर या. उंबऱ्यात उभं राहून, तेही चित्राकडे पाठ करून, चित्रात काय हवं ते सांगताय. असं गिऱ्हाईक मी पॅरिसमध्येसुद्धा पाहिलं नाही.

काटेल : पाठच बरी. बायकोनं पाहिलं की गोष्ट पक्की होते, असं आमच्याकडे म्हणतात. माझा विश्वास नाही, पण उगीच विषाची परीक्षा कशाला घ्यायची. तुम्ही बोटीत माणूस बसवा, मी निघते. फक्त अंधार पडायच्या आत व्हायला हवं.

गास्पार : कुठली गोष्ट पक्की होते? कोणाची बायको? अहो, तुमचं नावसुद्धा मला ठाऊक नाही.

काटेल : मी काटेल. गुलवेनची बायको. देवळाची नवी घंटा आली त्या दिवशी तो शेवंडीचे पिंजरे उचलायला गेला, तो अजून परतलेला नाही. बोट लहान, बोटीत तो एकटाच.

गास्पार : हां, खाली घरमालकीण मादलेनबाई सांगत होत्या. म्हणजे पानगळीपासून... फार वाईट वाटलं ऐकून.

काटेल : वाईट वाटून घेऊ नका, तो यायचाय. वाईट आहे ते वेगळंच, आणि ते तुमच्यामुळे झालंय. फांत तुमची खोली झाडायला येते ना? तिनं परवा चित्रावरचा कपडा उचलून बघितलं. तिथून तडक पाणवठ्यावर. आमच्या चादरी वाळायच्या आत सगळ्या बेटाला कळलं होतं की पॅरिसच्या चित्रकाराला गुलवेनची बोट दिसली. भर समुद्रात, भलत्याच उजेडात, आणि आत कोणी नाही.

गास्पार : दिसली? मला?

काटेल : तेच तर. आमच्याकडे माणूस समुद्रात गेला की कुणालातरी खूण दिसते. कुणाला दारात ओली पावलं दिसतात, कुणाला वल्ह्यांचा आवाज येतो, कुणाला बोट दिसते. ज्याला दिसेल त्यानं घरच्यांना सांगायचं असतं. तुम्ही सांगितलं नाहीत. सासूबाई म्हणाल्या, परका माणूस आहे, त्याला सांगायची रीत ठाऊक नाही, बिचाऱ्यानं म्हणून काढून ठेवलं.

गास्पार : बिचाऱ्यानं. काय बोलायचं याच्यावर? बाई, ही कुणाचीच बोट नाही. तुमच्या त्या फांतला कशावरून वाटलं की ती तुमच्या नवऱ्याची आहे?

काटेल : मीही तेच विचारलं. म्हणे अंगावर काटा आला, त्यावरून. आणि बाकीचे म्हणाले, बेटाच्या बाकी सगळ्या बोटी बंदरात बांधलेल्या आहेत, नाही ती एकच. मग दुसरी कुणाची असणार? एवढं बोलून सगळ्यांचं समाधान झालं.

गास्पार : अहो पण मी समोर बघून चित्र काढतच नाही. तशी काढणारे आहेत, ते खाली धक्क्यावर छत्री लावून बसतात, तुम्ही पाहिलं असेल. मासे, टोपल्या, म्हाताऱ्या. मी त्यातला नव्हे. मी मनात उमटतं ते रंगवतो. ही बोट म्हणजे खरं तर बोट नाहीच, जीव आहे. जगाच्या काठावरून निघालेला जीव.

काटेल : म्हणजे डोळे मिटून काढता.

गास्पार : एका अर्थी, हो.

काटेल : मग मादलेनबाईंशी भांडून मोठ्या खिडकीची खोली कशाला घेतलीत?

गास्पार : ...उजेड लागतो, बाई. रंग बघायला.

काटेल : राहिलं. मला तुमची थट्टा करायची नाही. डोळे मिटून काढता हे माझ्या पथ्यावरच आहे. तेच जरा सासूबाईंसमोर बोला. म्हणा, मी काही पाहिलं नाही, हे सगळं खोटं आहे.

गास्पार : खोटं नाही म्हणणार मी.

काटेल : का?

गास्पार : कारण ते खोटं नाहीये. मनातून आलं म्हणजे खोटं होतं का? मी दहा वर्षं लोकांना हेच सांगतोय की डोळ्यांना दिसतं त्याहून हे जास्त खरं असतं. शनिवारच्या टपालबोटीनं हे चित्र प्रदर्शनाला चाललंय. माझ्या हातून याहून चांगलं काही झालेलं नाही, आणि हे मी नम्रपणे सांगत नाहीये, मला ठाऊक आहे. आता तुम्ही म्हणता, त्यात माणूस घाला. का, तर मोलकरणीच्या अंगावर काटा आला.

काटेल : साहेब, तुम्ही इथं इतके महिने आहात. क्रुसाचं जागरण पाहिलंत का कधी?

गास्पार : ऐकलंय थोडंफार.

काटेल : मग नीट ऐका. समुद्रानं माणूस परत दिला नाही, तर त्याच्या नावाचा मेणाचा क्रूस करतात. हा एवढा, तळहातात मावेल असा. घरात टेबलावर पांढरा कपडा घालून, मेणबत्त्या लावून, मढं ठेवावं तसा तो ठेवायचा. रात्रभर सगळे येऊन प्रार्थना म्हणतात. सकाळी देवळात नेऊन पुरतात. त्याची सुरुवात कशी होते ठाऊक आहे? त्याचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मबाप अंधार पडला की येऊन खिडकीवर टकटक करतो आणि म्हणतो, पोरी, आज तुझ्या घरी जागरण आहे. एकदा तो म्हणाला की संपलं. त्यावर नाही म्हणायची सोय नसते. आजवर कुणी म्हटलेलं नाही.

गास्पार : आणि ते आज आहे.

काटेल : आज. गुलवेनचा धर्मबाप म्हणजे तुदालकाका. दुपारी पाहिलं, बिचारे घोटून दाढी करत बसले होते. मला बघून आत गेले. सासूबाईंनी चुलत्याकडून मेण आणलंय. एकच अडलंय, ज्यानं पाहिलं त्याच्या तोंडून त्यांना ऐकायचं आहे. त्या केव्हाही येतील. तुम्ही ‘हो’ म्हणालात तर टकटक होईल, ‘नाही’ म्हणालात तर होणार नाही. म्हणून म्हणते, बोटीत माणूसच रंगवून टाका, म्हणजे बोलायचीही गरज नाही.

गास्पार : एक विचारू? राग मानू नका. पानगळीत गेला, आता वसंत आलाय. तुम्ही एवढ्या खात्रीनं कशा सांगता?

काटेल : राग कसला. सगळे विचारतात. माझा हेर्ले मामा असाच गेला होता. वादळात भरकटला, कोळशाच्या जहाजानं उचलला, इंग्रजांच्या कुठल्याशा बंदरात नेऊन सोडला. पाय मोडलेला, लिहिता येत नाही, भाषा येत नाही. परत यायला ईस्टर उजाडला. तोवर इथं त्याचं जागरण होऊन गेलेलं. मामा देवळात जाऊन म्हणाला, माझा क्रूस परत द्या. पाद्रीबाबा म्हणाले, पुरलेली वस्तू आम्ही परत देत नाही.

गास्पार : हसू का नको, कळत नाही.

काटेल : हसा की. मामा स्वतः हसून सांगायचा. एक गोष्ट मात्र तो हसून सांगत नसे. तो धक्क्यावर उतरला तेव्हा मामी तिथं नव्हती. आधी रोज यायची, पण क्रूस पुरला आणि तिनं समुद्राकडे बघणंच सोडलं. कोण बघेल? पुरलेल्या माणसाची वाट कोण बघतं? मामा घरापर्यंत एकटा चालत गेला, भर दुपारी. ते त्याच्या मनाला जे लागलं ते शेवटपर्यंत.

गास्पार : म्हणून तुम्हाला जागरण नको.

काटेल : गुलवेन उतरेल तेव्हा मी तिथं असणार. बाकी मला काही नको. आणि तो येईल हे मला कसं कळतं म्हणाल तर, मी त्याला ओळखते. आमच्याकडे मागणी बाईनं घालायची असते. खारवलेल्या मांसाचा तुकडा घेऊन मी त्याच्या घरी गेले होते. खाल्लं तर होकार, नाही खाल्लं तर नकार. सगळं घर बघत बसलंय, आणि हा घास तोंडात धरून म्हणतो, मीठ जास्त झालंय. मला वाटलं आता जमीन दुभंगावी. मग त्यानं सगळं खाल्लं, ताट पावानं पुसून घेतलं आणि म्हणाला, पुढच्या वेळी कमी घाल. असा माणूस घाईघाईनं कुठं जायचा नाही.

गास्पार : ...मला तो आवडला असता.

काटेल : आवडेल. आल्यावर घेऊन येते.

(जिन्यावर लाकडी जोड्यांचा आवाज. काळी शाल घेतलेली आझेनोर, गुलवेनची आई, वर येते. तिच्या हातात रुमालात गुंडाळलेली लहानशी वस्तू आहे.)

आझेनोर : ही इथं आहे होय. वाटलंच मला.

काटेल : आई, एवढा जिना कशाला चढलात? तुमचे गुडघे...

आझेनोर : गुडघे माझे आहेत, मी बघेन. तू माझ्याआधी येऊन याला पढवलंस का?

काटेल : पढवायलाच आले होते. पढत नाहीत हे.

आझेनोर : चांगलं आहे. हा का तो चित्रकार? किती वाळलायस रे पोरा. मादलेन जेवायला घालत नाही का तुला?

गास्पार : घालतात, आजी. रोज मटण, नाहीतर घिरडी.

आझेनोर : मग ते जातं कुठं? बरं ते राहू दे. मी कशाला आलेय ते हिनं सांगितलं असेलच. माझा मुलगा आहे तो. तेव्हा मला गोड करून सांगू नकोस. त्याची बोट तू पाहिलीस का?

गास्पार : नाही, आजी. मी कुणाचीच बोट पाहिलेली नाही. हे सगळं माझ्या मनातलं आहे, आणि मनातलं असलं तरी...

काटेल : बास. ‘तरी’ नको. एवढंच पुरे आहे.

आझेनोर : तू बोलू नकोस मधे. मनात आलं ते आलं कुठून? माझ्या आजीच्या मनातसुद्धा आलं होतं, तिच्या भावाच्या वेळी. तिनं कुठं डोळ्यांनी पाहिलं होतं? खुणा मनातच येतात, पोरा. तू जे म्हणतोयस तेच आम्हीही म्हणतो.

गास्पार : अहो आजी, तसं नव्हे... पॅरिसमध्ये माझं कुणी इतकं ऐकून घेतलं नाही, आणि इथं ऐकलं ते हे असं.

आझेनोर : दाखव. मी बघितल्याशिवाय जाणार नाही. बाजूला हो.

काटेल : आई, नका बघू.

आझेनोर : मी आई आहे, बायको नव्हे. मला बंधन नाही.

काटेल : ...काय दिसतंय? आई, बोला ना काहीतरी. मला इथं भिंतीकडे तोंड करून उभं ठेवलंय तुम्ही.

आझेनोर : कुणी ठेवलं? तूच राहिलीयस. जरा दम धर. शीड गुलाबी आहे.

काटेल : ऐकलंत? गुलाबी. आपल्या बेटावर गुलाबी शीड कुणाचं आहे सांगा. सगळी शिडं ओकच्या सालीत उकळलेली, तपकिरी. गुलवेनचं तर जास्तच तपकिरी, मीच उकळलंय.

आझेनोर : पाणी हिरवं आहे. वर सगळं पिवळं, पिकल्या फळासारखं. असा समुद्र मी जन्मात पाहिला नाही. देखणी आहे पण.

गास्पार : आभारी आहे, आजी.

आझेनोर : तुला नाही म्हटलं. बोटीला म्हटलं. वारा कसा पोटभर घेतलाय बघ तिनं. आणि आत कोणी नाही हे खरंच आहे, फांत खोटं बोलली नाही.

गास्पार : कोणी असायलाच नको आहे तिथं. माणूस घातला की तो कोळी होतो. मग लोक विचारतात, मासे मिळाले का.

आझेनोर : शिडाच्या खालच्या कोपऱ्यात हे निळं काय आहे?

गास्पार : ते होय. ते रंगाचा तोल सांभाळायला. एवढं गुलाबी झाल्यावर कुठंतरी एक निळा ठिपका हवा होता.

आझेनोर : ठिपका कुठाय? वर रुंद आहे, खाली निमुळतं, आणि एक कड तिरकी कापलेली. काटेल, तुझा निळा परकर फाटला होता तो कशानं?

काटेल : ...रिवालच्या मेंढवाड्याच्या फाटकात अडकून. तिरका फाटला. त्याचंच ठिगळ केलं मी. आई, का विचारताय?

आझेनोर : उगीच नाही विचारत.

काटेल : सरका. मला बघू द्या.

गास्पार : बाई, तुम्ही तर म्हणाला होता...

काटेल : सरका म्हणते ना.

आझेनोर : बघू दे तिला.

काटेल : साहेब, हे माझं ठिगळ आहे. फाटकानं फाडलेली तिरकी कड जशीच्या तशी आहे. डोळे मिटून काढता म्हणालात ना? डोळे मिटून माझा परकर दिसला तुम्हाला?

गास्पार : मला... मी खरंच सांगतो, मला वाटलं हे माझं आहे. तुम्ही बोलेपर्यंत मला वाटत होतं की हे मी रचलंय.

आझेनोर : रचलं नाहीस. पाहिलंस. कुठं पाहिलंस ते सांग आता, आणि यावेळी जीव वगैरे मधे आणू नकोस.

गास्पार : इथं येताना. टपालबोटीतून. माझ्या शेजारी ती घंटा होती, गवतात गुंडाळलेली. मला मळमळत होतं म्हणून मी लांब कुठंतरी बघत बसलो होतो, आणि एक शीड समोरून खुल्या समुद्राकडे गेलं. सकाळचं ऊन त्यावर पडलं होतं, तपकिरी असेल पण मला ते पेटल्यासारखं दिसलं, आणि त्यात एवढासा निळा तुकडा. मी तेव्हा स्वतःशी म्हटलं, बस, आता वर्षभराचं काम मिळालं. मग विसरलो. नाही, विसरलो म्हणजे, ते माझंच आहे असं धरून चाललो. आणि सगळ्यांना सांगत सुटलो की मी बघून काढत नाही.

आझेनोर : सुकाणूवर कोण होतं?

गास्पार : नाही दिसलं.

आझेनोर : नीट आठव.

गास्पार : आठवतंय, आजी. शीड, आणि खाली बोटीची काळी रेघ. माणूस दिसला नाही.

आझेनोर : मग झालं तर. खूण समुद्रावरच दिसली, त्याच दिवशी दिसली, आणि दिसली ती रिकामी. काटेल, घरी चल. टेबल मोकळं करायला हवं. क्रूस मी केलाय.

काटेल : नाही.

आझेनोर : पोरी, मला काय हौस आहे का?

काटेल : हौस नाही हे मला कळतं. पण आई, घंटा आली ती सकाळी. सगळं बेट धक्क्यावर जमलं होतं, आणि मी त्याच्याशी भांडत होते की घंटा बघून जा. तो म्हणाला, वाजेल तेव्हा ऐकू येईलच की. त्याच्या हातात मी भाकरी दिली. तो बोटीत होता, धडधाकट होता, चावत होता. आणि लगेच थोड्या वेळानं यांनी बोट पाहिली, आत कोणी नाही. मग तो गेला कुठं? भाकरी संपायच्या आत?

आझेनोर : म्हणून तर खूण म्हणायचं तिला.

काटेल : मला नाही पटत. साहेब, तुमची टपालबोट कुठं होती तेव्हा?

गास्पार : बेट नुकतंच दिसायला लागलं होतं. मधे ते काळे सुळके होते, पाण्यातून वर आलेले. त्यांच्या पलीकडून आम्ही येत होतो. तुमचा नवरा सुळक्यांच्या अलीकडे होता, की... नाही, तोही पलीकडेच, आमच्या उजवीकडे, इथून सुळके आहेत तेवढा तरी लांब.

काटेल : ऐकलंत, आई? सुळक्यांच्या तिथली गोष्ट आहे.

आझेनोर : ऐकलं.

काटेल : मग बोला काहीतरी.

आझेनोर : थांब जरा. मला बसू दे. पोरा, ती खुर्ची दे इकडे, रंग लागलेला नसला तर.

गास्पार : लागलाय, पण वाळलाय. बसा.

आझेनोर : मी लग्न होऊन आले तेव्हा माझी सासू मला वरच्या कड्यावर घेऊन गेली. म्हणाली, बघ, ते चाललेत. मी म्हटलं, कुठायत, मला तर नुसती फडकी दिसतायत. ती म्हणाली, तेच. तेच ते. तुझं आधी शोध. म्हणून आपण ठिगळ लावतो ना, काटेल? शीड फाटलेलं नसलं तरी लावतो. आपल्याच परकराचं.

काटेल : म्हणजे लांबून ओळखता यावं.

आझेनोर : का? माणूस दिसला असता तर ठिगळ कशाला लावलं असतं कुणी? सुळक्यांच्या तिकडे माझा नवरा मला कधी म्हणजे कधी दिसला नाही. एवढी वर्षं मी त्याचं लाल ठिगळ बघून चुलीवर भांडं ठेवायची. सुळके ओलांडून अलीकडे आला की मग डोकं दिसायचं, मग हात. त्याच्याआधी बोट दिसायची ती अशीच. ही आहे तशीच.

गास्पार : म्हणजे ती रिकामी नव्हती.

आझेनोर : तुझ्यासाठी रिकामी असेल. आणि त्या फांतला तरी काय म्हणावं? तिचा नवरा मेंढ्या राखतो, ती कड्यावर कधी गेलीय?

काटेल : आई, मग आज काका येणार नाहीत ना?

आझेनोर : तू मला काय समजतेस ग? मी काय त्याला मारायला टपलेय? माझ्या बहिणीला तू पाहिलं नाहीस, लेनाला. तिनं क्रूस करू दिला नाही. माहेरचे, सासरचे सगळे सांगून थकले. मरेपर्यंत रोज संध्याकाळी दोन ताटं मांडायची, आणि दुसऱ्या ताटातलं सकाळी कोंबड्यांना घालायची. पुन्हा लग्न नाही, मूल नाही, कुणाच्या जत्रेला जाणं नाही. देखणी होती, तुझ्यासारखीच तोंडाळ होती. मला दुसरी लेना बघायची नाहीये घरात. म्हणून मी मेण आणलं. गुलवेन माझा आहे, पण तो नसताना इतके दिवस माझे पाय चोळून दिलेस तू. माझा जीव तुझ्यातही आहे, तेवढं तरी कळू दे तुला.

काटेल : ...हे आधी बोलला असता तर.

आझेनोर : बोलायची वेळ यायला लागते. तू घरात पाऊल टाकलंस की भांडायलाच सुरुवात करतेस.

काटेल : मी लेनामावशीसारखं नाही करणार. ताट नाही मांडणार. मी फक्त धक्क्यावर जाईन, बोटी यायच्या वेळेला. बाकी सगळं करीन, जत्रेलाही येईन, नाचायला सांगितलंत तर नाचेनही.

आझेनोर : नाचायला कोण सांगतंय तुला. बरं, जत्रेचंच बोललीस ते ठीक झालं. उन्हाळ्यातल्या जत्रेपर्यंत. तोवर जे परतायचे ते सगळे परततात, लांबची जहाजंसुद्धा. त्यानंतर मी तुझं काही ऐकणार नाही.

काटेल : त्यानंतर तुम्हाला सांगावं लागणार नाही. मी स्वतः जाऊन काकांना दाढी करायला सांगेन.

आझेनोर : कबूल?

काटेल : कबूल. पण तशी वेळ येणार नाही.

आझेनोर : नको येऊ दे. उठव मला. तुदाल घरातून निघायच्या आत गाठायला हवा, एकदा निघाला की तो थांबायचा नाही, बहिरा झालाय.

गास्पार : आजी, रुमालातून काहीतरी खाली आलंय. हा क्रूस आहे का?

आझेनोर : होता. केव्हाची मुठीत धरून बसलेय, मऊ पडून गोळा झालाय. असू दे, मेणबत्ती होईल. तू काय बघतोयस असा?

गास्पार : काही नाही. मी पॅरिसमध्ये सांगणार होतो की ही जगाच्या काठावरून निघालेल्या जीवाची नौका आहे.

आझेनोर : सांग की. आमचं काही म्हणणं नाही. त्यांना ठिगळाचं सांगू नकोस, त्यांना कळायचं नाही.

गास्पार : बाई, तुम्ही आल्या आल्या एक मागितलं होतं. मी नाही म्हटलं, आणि बरंच काय काय बोललो. आता म्हणतो, काढतो. शनिवारपर्यंत रंग वाळेल. खरंच सांगतोय, मला चालेल. कुठं बसवू त्याला? सुकाणूपाशी?

आझेनोर : हिला विचार. नवरा हिचा आहे.

गास्पार : बाई, बसतो कसा तो? या बाजूला कलून, की सरळ?

काटेल : राहू दे, साहेब. एवढ्या लांबून माणूस दिसत नाही.